एका फेरीत तीन हद्दी

घाटकोपरच्या आमच्या डोंगरावर सपाट म्हणावी अशी जागा एकच होती, आणि ती पुरुषांनी आपापसांत वाटून घेतली होती. बाकी सगळा चढ नाहीतर उतार. नळावर जायचं तर उतार, भरलेली कळशी घेऊन यायचं तर चढ, दुकानात जायचं तर दोन्ही. बायका दिवसभर चढत-उतरत असायच्या आणि वर ऐकून घ्यायच्या, तुम्हाला कशाला हवाय व्यायाम, घरकाम आहे की.

मैदान काही फार मोठं नव्हतं. एका टोकाला व्यायामशाळा. पत्र्याची शेड, बाहेर मल्लखांब, आत शेंदूर लावलेला मारुती. तिथे वस्तादांचा शब्द म्हणजे शब्द. मधल्या भागात आम्हा कोकणातल्या चाळकऱ्यांचं कबड्डी मंडळ, आणि आमचे हे त्या मंडळाचे चिटणीस. पलीकडच्या टोकाला रस्त्यापल्याडच्या सोसायटीतल्या ऑफिसवाल्यांचा क्रिकेट क्लब. तिघांच्या हद्दी फक्कीने आखलेल्या. पावसाने फक्की धुऊन गेली तरी हद्दी कुणी विसरायचं नाही.

तिघांचं आपसात वाकडं. एका वर्षी आमच्या मंडळाने कबड्डीचं मैदान आखताना क्रिकेटच्या पिचचा कोपरा खणला. झालं. क्रिकेटवाल्यांनी आपला दगडी रोलर बदामाच्या झाडाला साखळीने बांधून कुलूप घातलं. व्यायामशाळेचं आमच्या मंडळाशी भांडण लाउडस्पीकरवरून आणि क्रिकेटवाल्यांशी पत्र्यावर बसणाऱ्या चेंडूंवरून. मग काय, एकाच मैदानात रोज संध्याकाळी तीन मंडळं पाठीला पाठ लावून शरीर कमवायची.

या सगळ्याशी माझं काही देणंघेणं नव्हतं. मी मुलुंडला औषधांच्या कंपनीत पॅकिंगला जायचे, घरी यायचे, भाकऱ्या थापायचे. देणंघेणं सुरू झालं ते माझ्या सासूच्या पायामुळे.

एका रविवारी मी केर काढत होते, तर लादीवर रक्ताचे ठसे. मोरीपासून चुलीपर्यंत आणि चुलीपासून दारापर्यंत. मी घाबरून पाहिलं तर सासूबाई खुशाल तांदूळ निवडत बसलेल्या. तळपायात काचेचा तुकडा रुतलेला, आणि त्यांना पत्ताच नाही. सकाळपासून त्या तशाच घरभर फिरत होत्या. मी काच काढली तेव्हा म्हणाल्या, "खंयची गो काच?"

दवाखान्यात डॉक्टरांनी पाय उलटासुलटा करून पाहिला. साखर कधीची वाढलेली होती, आणि तळव्यांची जाण गेली होती. डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले, "रोज चालवा यांना. सपाट जागेवर, तासभर. आणि अनवाणी एक पाऊलसुद्धा टाकू देऊ नका. आज काच होती. उद्या जखम चिघळली तर आधी बोट जाईल, मग पाय."

त्या रात्री जेवण गेलं नाही मला. माझी आई लहानपणी गेली. लग्न होऊन या घरात आले तेव्हा मला धड पेज निथळून भात पसवता येत नव्हता, तो या बाईने शिकवला. पहिल्या बाळंतपणानंतर मी नोकरी सोडायला निघाले तर हिनेच पोराला मांडीवर घेतलं आणि मला दारातून बाहेर काढलं. तोंडाने फटकळ, पण तिच्या जिवावर मी कमावती राहिले. तिचा पाय जाईल आणि मी बघत बसेन, हे होणार नव्हतं.

पण चालवायचं कुठे? गल्लीत पायऱ्या, पायऱ्यांच्या बाजूने गटार. सासूबाई म्हणाल्या, "चलू खंय गो? घरात चार पावलां टाकलंय की भिंत येता." म्हणून मी त्यांना मैदानावर घेऊन गेले. म्हटलं, भिंतीच्या कडेकडेने एक फेरी मारू, कोणाला काय त्रास.

ती फेरी काही पुरी झाली नाही. एक फेरी मारायची म्हणजे तीन मंडळांच्या हद्दीतून जायला लागायचं. आमच्या मंडळाची पोरं म्हणाली, "वयनी, आमची ना नाय, पण पुढे व्यायामशाळा आहे, वस्ताद चिडतील." वस्ताद म्हणाले, "ही मारुतीची जागा. इथून बायामाणसं जात नाहीत. आणि पलीकडे चेंडू लागला तर कोण जबाबदार?" क्रिकेटवाले अगदी गोड. इंग्रजी मिसळून म्हणाले की आमचं काहीच ऑब्जेक्शन नाही, पण त्या दोघांचं आधी ठरू दे. मला तिघांपैकी या गोड बोलणाऱ्यांचाच जास्त राग आला.

घरी आल्यावर हे माझ्यावरच उखडले. "मला विचारायचंस तरी. मी चिटणीस आहे तिथे. लोक काय म्हणतील?"

"आई तुमची आहे," मी म्हटलं. "लोकांना काय म्हणायचं ते म्हणू दे. उद्या तिचा पाय कापला तर त्या लोकांच्या खांद्यावर बसून संडासला जाणार आहे का ती?"

वाईट माणूस नव्हता माझा नवरा. मंडळात बसला की त्याच्यातला मुलगा निघून जायचा आणि चिटणीस तेवढा उरायचा.

आता इथे एक रीत सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळायचं नाही. दरवर्षी मंडळाच्या स्पर्धा असायच्या. बोरिवलीपासून, मुलुंडपासून संघ यायचे. त्याआधी कबड्डीचं मैदान नवं करायचं. माती खणायची, चाळायची, पाणी शिंपडायचं आणि दाबून घट्ट करायची. रोलर कुलपात गेल्यापासून ही माती दाबायचं काम बायकांकडे आलं. डोंगरावरच्या बायका अनवाणी पायांनी, हातात हात घालून, ओळीने माती तुडवायच्या. फुगडीची गाणी म्हणायच्या, एकमेकींच्या सासवांची नक्कल करायच्या, मजा असायची. माती अशी बसायची की रोलरने काय बसेल. मग मंडळाचे अध्यक्ष यायचे, नारळ फुटायचा, आणि नारळ फुटला की माती देवाची. त्यानंतर वर्षभर बायकांनी तिच्यावर पाय ठेवायचा नाही.

इतकी वर्षं मीही तुडवत आले होते. कधी डोक्यात आलं नाही की अरे, ज्या मातीला आमचेच पाय लागलेत, तिला आमच्याच पायांचा विटाळ कसा? त्या वर्षी आलं. मी नळावर सगळ्यांसमोर सांगून टाकलं, यंदा मी माती तुडवणार नाही. ज्यांना खेळायचंय त्यांनी तुडवावी.

मग मागून एक म्हातारी म्हणाली, "माझे पण गुडगे दुखतत गो यंदा." त्यावर दुसरी म्हणाली तिला चक्कर येते. तिसरी म्हणाली, तिच्या पायाला मेंदी लागलीय. हसून हसून कळशा वाहायला लागल्या, तरी कोणाला भान नाही. त्या दिवशी पूर्ण डोंगरावरच्या बायकांचे पाय एकदम दुखायला लागले.

मंडळाची पोरं म्हणाली, त्यात काय, आम्ही तुडवतो. तुडवली. घाई इतकी की पाणी शिंपडायच्या ऐवजी पाइप लावून सोडलं. दुपारपर्यंत त्याची भातखाचरं झाली. दोन दिवसांनी वाळली तेव्हा पावलागणिक खड्डा, आणि प्रत्येक खड्ड्याची कड सुरीसारखी. सरावाला उतरलेल्या पहिल्याच पोराचा घोटा मुरगळला. आम्ही बायका कठड्यावर बसून शेंगा खात बघत होतो.

स्पर्धा तोंडावर आलेल्या. बाहेरच्या संघांना आमंत्रणं गेलेली. मंडळाची वाट लागायची वेळ आली, तेव्हा रोलर मागायला क्रिकेट क्लबकडे जाण्यावाचून इलाज राहिला नाही. आमचे हे दोन दिवस तोंड पाडून बसले होते, जावं कसं म्हणून. ते विचार करत बसले तोवर मी जाऊन आले होते.

क्लबात गेले नाही मी. क्लबाच्या सेक्रेटरीच्या आईकडे गेले. त्या काकू माझ्या ओळखीच्या, भाजीवाल्याकडे भेटायच्या. लिंबू-कोथिंबिरीवरून सुरू झालेली ओळख. त्यांनाही डॉक्टरांनी चालायला सांगितलेलं, आणि त्या गच्चीवर पाण्याच्या टाक्यांभोवती फेऱ्या मारायच्या. मला म्हणाल्या, "अगं, त्या टाक्यांभोवती फिरून मलाच भोवळ येते. खाली एवढं मैदान आहे, पण म्हातारीने तिथे काय करायचं, असं मुलगा विचारतो." मी सासूबाईंच्या पायाचं सांगितलं, आणि मंडळाला रोलर हवाय तेही. काकूंनी वळून देवघराकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "रोलरची किल्ली माझ्या देवघरात असते. हा हरवतो म्हणून मीच ठेवते."

आठ दिवसांत जे झालं ते डोंगराने आजवर कधी बघितलं नव्हतं. तिन्ही मंडळं एका सतरंजीवर बसली. जागा व्यायामशाळेच्या अंगणात, म्हणजे आम्ही कठड्याबाहेर उभ्या. ऐकू सगळं येत होतं. सेक्रेटरीने मान खाली घालून सांगितलं की रोलर मिळेल, पण आमच्या घरच्या मंडळींचं म्हणणं आहे की सकाळी बायकांना मैदानाभोवती फिरू द्यावं. घरच्या मंडळींचं म्हणे. आईचं म्हणायला जीभ वळेना त्याची. आमच्या ह्यांनीही लगेच री ओढली, आमच्याही घरच्या मंडळींचं तेच आहे. गळ्याशी आलं की घरची मंडळी आठवतात.

एकदा बोलायला लागले तर मग मात्र भराभर ठरलं, हे कबूल करायला हवं. भिंतीच्या कडेने फेरीची वाट करायची. माती कबड्डी मंडळाने टाकायची, रोलर क्रिकेट क्लबचा, आणि तो ओढायला व्यायामशाळेचे पैलवान. सकाळचा तास बायकांचा, त्या वेळात कोणी चेंडू मारायचा नाही. आम्ही कठड्याबाहेर एकमेकींना कोपरं मारत होतो.

तेव्हा वस्तादांनी शेवटी घसा साफ केला. "माझी एकच अट. वाट व्यायामशाळेसमोरून जाते. मारुतीसमोरून पायताण घालून कोणी जायचं नाही. बायकांनी यावं, आनंदाने यावं, पण अनवाणी."

सगळ्यांनी माना डोलावल्या. रास्तच वाटलं त्यांना. बायकाही खूश. अनवाणी चालायला आमच्यात कोणाला अडचण होती? एकीलाच होती, आणि ती घरी दाराशी बसून, मी काय बातमी आणते याची वाट बघत होती.

मी कठड्यापलीकडूनच बोलले, "ही अट मला मान्य नाही."

सगळे वळले. वस्ताद म्हणाले, "सूनबाई, रीत आहे ती. माझ्या आजापासूनची."

"क्रिकेटवाले खिळ्यांचे बूट घालून नाचतात ते?"

"ते त्यांच्या हद्दीत."

"मग मारुतीला तिथपर्यंत दिसत नाही का?"

ते बोलणं जास्त झालं, मला माहीत आहे. पण मी ते मागे घेतलं नाही आणि आजही घेत नाही. माझ्याच बायका माझ्यावर चिडल्या. एक जण सरळ म्हणाली, "तुझ्या एका सासूपायी आम्ही सगळ्यांनी परत घरात बसायचं काय? मिळतंय ते घे ना यार." तिचंही खोटं नव्हतं. पण ही सगळी रडकथा सुरू झाली कोणाच्या पायापासून? जिच्यासाठी दार उघडायला गेलो, तीच तेवढी बाहेर ठेवायची आणि आपण आत जाऊन गोल गोल फिरायचं, याला माझ्या भाषेत लाज म्हणतात. मी तसं म्हटलं आणि घरी आले.

सासूबाईंना सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "तू भांडा नको गो. मी घरातच चलतंय." मी म्हटलं, "तुम्ही गप्प बसा." इतक्या वर्षांत मी पहिल्यांदाच त्यांना गप्प बसा म्हटलं, आणि त्या बसल्या.

हल्ली मंडळाच्या कार्यक्रमात भाषणं होतात. तिन्ही मंडळांनी पुढाकार घेऊन विभागातील महिलांच्या आरोग्यासाठी वगैरे. पुढाकार म्हणे. त्यांनी एकत्र येऊन पुढे चांगली कामं केली, नाही कशाला म्हणू. पोरींचा खो-खो सुरू केला, म्हाताऱ्यांसाठी सकाळची कवायत सुरू केली, एकमेकांच्या स्पर्धांना एकमेकांचे गडी राबले. पण पुढाकार कोणी घेतला ते मला विचारा. मी तिथे होते.

वाट तयार झाली, वस्तादांची अट तशीच राहिली. पहिल्या सकाळी डोंगरावरच्या झाडून सगळ्या बायका मैदानाच्या तोंडाशी जमल्या. सोसायटीतून काकू आल्या, त्यांच्यासोबत आणखी काही जणी, ज्यांना मी आजवर खिडकीतच बघितलं होतं. तिन्ही मंडळांची माणसं हजर, नारळ फोडायला. बायकांनी चपला काढून ओळीने ठेवल्या. मी सासूबाईंचा हात धरून उभी. त्यांच्या पायात घरातल्या स्लीपर होत्या आणि मी मनात ठरवलेलं, की कोणी काढा म्हणालं तर आज सगळ्यांची कानउघाडणी करायची.

तेवढ्यात आमचे हे गर्दीतून पुढे आले. काखेत वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी. सोडलं तर पांढरे कॅनव्हासचे बूट, पोरं शाळेत पीटीला घालतात तसले. मला काही सांगितलं नव्हतं, आईलाही नाही. आईला कठड्यावर बसवलं, आणि अख्ख्या मंडळासमोर, मंडळाचा चिटणीस जमिनीवर बसला. आईचे पाय मांडीवर घेतले, तळवे हाताने पुसले, खडा राहिला नाही ना ते बोट फिरवून पाहिलं, बूट चढवले आणि नाड्या बांधल्या. पोरं बघत राहिली. कोणी हसलं नाही.

सासूबाई उठल्या. वाटेच्या तोंडाशी गेल्या, माझ्या खांद्याचा आधार घेऊन वाकल्या, माती बोटाने उचलून कपाळाला लावली आणि बुटांसकट वाटेवर उभ्या राहिल्या. व्यायामशाळेच्या दारातून वस्ताद पुढे आले. आवाज चढवला नाही त्यांनी, आदरानेच म्हणाले, "आजी, पायातलं काढा. मारुती आहे."

सासूबाईंनी त्यांच्याकडे बघितलं, मग पलीकडे शेंदूर लावलेल्या मारुतीकडे बघितलं. हात जोडले. आणि म्हणाल्या, "मी मातयेच्या पाया पडलंय, त्याच्याय पाया पडलंय. त्याका माका काय सांगूचा आसात तर तो सांगांदे. तू ऐक. माझे पाय गेले तर मागे बूटच उरतले. मग ते घेवन ये आणि ठेव तुझ्या ह्या मातयेत."

वस्ताद तसेच उभे राहिले. बाजूला झाले असंही नाही आणि आडवे आले असंही नाही. सासूबाई त्यांच्या अंगावरून, मारुतीसमोरून, पांढरे बूट दाबून टाकत पुढे गेल्या. मागून काकूंनी ओळीतून आपल्या चपला शोधल्या, पायात सरकवल्या आणि चालायला लागल्या. आमच्यातल्या ज्या बाईने मला मिळतंय ते घे म्हटलं होतं, तिने माझ्याकडे बघितलं आणि तिनेही आपल्या घातल्या.

मी काठावरच उभी होते. राग अजून पुरता गेला नव्हता. फेरी पुरी करून सासूबाई परत माझ्यासमोर आल्या, दम खायला थांबल्या, आणि मी हात पुढे केला तर तो झटकून म्हणाल्या, "बाजूक हो गो. माका अजून चलूचा आसा."